लेकीचा वाढदिवस आणि बापाचे अभिनंदन



या पानावर मी दर वेळी बेणेप्रक्रिया, हुमणी, पाचट आच्छादन, खोडव्याची निगा असे विषय घेतो. आजचा विषय वेगळा आहे. आपल्या कार्यक्षेत्रातली मुलं-मुली आता शिकायला परदेशी जाऊ लागली आहेत. उसाची नोंद द्यायला गट ऑफिसात आलेला सभासद सही झाली की हळूच विचारतो, "साहेब, तुमची मुलगी हॉलंडला होती नव्हं? आमचा पोरगा जातोय. तिकडं करमतं का?" फी, कर्ज, व्हिसा यांची माहिती देणारे पुष्कळ आहेत. करमतं का, याचं उत्तर कोणी देत नाही. म्हणून हा लेख. घरातली गोष्ट आहे, पण मुलीला विचारूनच लिहितो आहे.

माझी थोरली बी.एस्सी. ॲग्री झाली आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये एम.एस्सी.साठी नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनला गेली. घरी आम्ही सगळे 'वॅगेनिंगन' म्हणत होतो. तिथं गेल्यावर तिला कळलं की डच लोक 'ग' चा उच्चार घशातून 'ख' सारखा करतात. ऱ्हाईन नदीच्या काठचं हे लहान गाव. गावाला रेल्वे स्टेशनसुद्धा नाही, शेजारच्या एडेला उतरून बसने जावं लागतं. पण शेतीच्या शिक्षणात गावाचं नाव मोठं. १८७६ साली तिथं सरकारी शेतीशाळा निघाली, १९१८ साली तिला उच्च शिक्षणसंस्थेचा दर्जा मिळाला आणि आज ते विद्यापीठ आहे. आम्ही बँकेचं कर्ज काढलं, वडिलार्जित दीड एकर तारण दिली.

बॅग भरताना सौ.नी तूप आणि पेढे आधी काढून ठेवले होते. ते मागं ठेवावे लागले. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-दुभत्याचे पदार्थ नेऊ देत नाहीत. सभासदांनी हे ध्यानात ठेवावं, नाहीतर विमानतळावर घरचं तूप टाकून द्यायची पाळी येते. मग त्या जागी गुळाची एक लहान ढेप गेली. साखर कारखान्याच्या माणसाच्या पोरीनं गूळ नेला, हे संचालक मंडळाने मनावर घेऊ नये.

सप्टेंबर बरा गेला. ऑक्टोबरात फोनवरचा आवाज बदलला. मी विचारायचो, "जेवलीस का?" ती म्हणायची, "जेवले." झालं बोलणं. इकडं हंगाम सुरू झालेला. तोडणीच्या टोळ्या, वाहनं, पाळीवरून सभासदांची कुरबुर, यात माझा दिवस जायचा. तिकडं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागं घेतात. मग नोव्हेंबरात पाच वाजायच्या आत सूर्य बुडतो आणि पाऊस भुरभुरत राहतो. एका रात्री मी घरी आलो तर सौ. न जेवता बसलेल्या. म्हणाल्या, "पोरगी परत यायचं म्हणतीय."

रात्रभर मला झोप लागली नाही. कर्जाचा आकडा डोळ्यांपुढं होता हे खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त, पोरगी एकटी पडली आणि आपल्याला दोन महिने पत्ता लागला नाही, हे टोचत होतं. दुसऱ्या दिवशी फोनवर तिला बोलतं केलं. सहा विद्यार्थी एका घरात राहत होते, स्वयंपाकघर एकच. पण जो तो आपापलं शिजवणार आणि आपापलं खाणार. भांडण नाही, तंटा नाही, पण बोलणंही कामापुरतंच. त्यातच १९ नोव्हेंबरला तिचा वाढदिवस येत होता. इथं हॉस्टेलवर रात्री बाराला पोरी केक घेऊन दार बडवायच्या. तिकडं कोणाला तारीखही ठाऊक नसणार. "आणि पप्पा, आपणहून कसं सांगायचं? हावरटपणा दिसतो."

मी म्हटलं, "एवढं सेमिस्टर होऊ दे, मग ठरवू." दुसरं मला सुचलं नाही. यातून वाट काढली ती मात्र भलत्याच जागी लटकवलेल्या एका कॅलेंडरनं.

डच घरांत वाढदिवसांचं एक वेगळं कॅलेंडर असतं. त्यात फक्त महिना आणि तारीख, वार नसतात. त्यामुळे ते वर्षानुवर्षं चालतं. ओळखीच्या प्रत्येक माणसाचं नाव त्याच्या तारखेपुढं लिहितात. आणि हे कॅलेंडर टांगतात कुठं, तर संडासात! हसू नका. रोज प्रत्येकाची नजर पडावी, वाढदिवस विसरू नये, हा हिशेब. मुलीनं ते पहिल्या दिवसापासून पाहिलं होतं, पण हाताने लिहिलेली डच अक्षरं कोण वाचत बसतो? नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिनं सहज पान उलटलेलं पाहिलं तर १९ तारखेपुढं तिचंच नाव. आली त्याच आठवड्यात घरातल्या डच मुलीनं तिला जन्मतारीख विचारून लिहून ठेवली होती. हिला वाटलं होतं, भाड्याच्या कागदासाठी विचारते आहे.

तिनं त्या डच मुलीला विचारलं, तर ती उलट म्हणाली, "आम्हीच वाट बघतोय. तू अजून कुणाला बोलावलं नाहीस. तुला साजरा करायचा नाही असं वाटलं." मग उलगडा झाला. तिकडची रीत अशी, की ज्याचा वाढदिवस त्यानं सांगायचं, त्यानंच बोलवायचं आणि त्यानंच खाऊ घालायचं. केकसुद्धा त्यानंच आणायचा. शाळेत पोरं आणि कचेरीत माणसं आपल्या वाढदिवसाला आपणच खाऊ वाटतात. दुसऱ्याने अचानक येऊन दार बडवावं अशी अपेक्षा नसते. म्हणजे ही रुसून बसली होती की कोणी विचारत नाही, आणि ती माणसं गप्प होती की ही बोलवत नाही.

मग आमच्या घरात दोन आठवडे व्हिडिओ फोनवर बैठका झाल्या. आमंत्रणं आठ-दहा दिवस आधी गेली, कारण तिकडं माणूस डायरी बघून हो म्हणतो. वेळ दुपारी दोन ते पाच. यायची वेळ सांगतात तशी जायचीही सांगतात. दाण्याचे लाडू करायचे ठरले. शेंगदाणे तिकडं मिळाले, गूळ होताच.

१८ तारखेला रात्री मी मुद्दाम जागा राहिलो आणि ठोक्याला बारा वाजता फोन लावला. म्हटलं, हॉस्टेलच्या पोरींची जागा आपण घेऊ. तिनं उचलला तेव्हा दोन्ही हात लाडवानं चिकट झालेले. म्हणाली, "पप्पा, इथं अजून उद्या झालेला नाही. साडेसात वाजलेत." हिवाळ्यात आपलं घड्याळ साडेचार तास पुढं असतं, हे मी अधिकारी माणूस विसरलो. पण खरं सांगतो, दोन महिन्यांत पहिल्यांदा ती फोनवर हसली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी साडेसातला मी काट्याजवळ होतो. वाहनांची रांग लागलेली, एका ट्रॅक्टरचं टायर फुटलेलं. तेवढ्यात व्हिडिओ फोन आला. बघतो तर खोलीत कागदी पताका लावलेल्या आणि भिंतीकडेने गोल खुर्च्या मांडून बारा-तेरा जण बसलेले. हेही डच पद्धतीचंच. वाढदिवसाला गोल करून बसायचं, कॉफी घ्यायची, केकचा एक तुकडा खायचा आणि गप्पा मारायच्या. आपल्या पारावरच्या बैठकीसारखंच म्हणा.

त्यात जावा बेटाच्या पूर्व भागातली एक मुलगी होती. तिनं हळद आणि नारळाचं दूध घालून पिवळाधमक भात केला होता आणि त्याचा डोंगरासारखा निमुळता ढीग रचला होता. त्यांच्याकडं शुभकार्याला असा भात करतात आणि त्याचं टोक कापून मानाच्या माणसाला देतात. माझ्या मुलीनं ते टोक कॅलेंडरवर नाव लिहिणाऱ्या डच मैत्रिणीला दिलं. सौ. घरून फोनवर आल्या आणि औक्षणाचा आग्रह धरला. जावाच्या मुलीनं ताटलीत मेणबत्तीची छोटी वाटी लावली, सौ. इकडून सांगताहेत, "कुंकू आधी गं!" ते भाषांतर करून तिकडं पोचेपर्यंत ओवाळून झालंसुद्धा.

गप्पांत आणखी एक निघालं. जावाच्या मुलीच्या घरी ऊस, आणि डच मुलीच्या काकांचं बीट. हॉलंडची साखर बीटची. बीट वसंतात पेरायचं, शरदात काढायचं. दिंतेलोर्ड आणि ग्रोनिंगेनजवळचा फिअरफर्लाटेन असे दोन कारखाने तिथं आहेत, आणि ते कोसुन या बीट उत्पादकांच्या सहकारी संस्थेचे आहेत. म्हणजे काका तुमच्यासारखेच सभासद! जुन्या सभासदांना को ४१९ हा ऊस आठवत असेल. त्याची आई पी.ओ.जे. २८७८. ती जात जावा बेटावर डच राजवटीतल्या पासुरुआनच्या संशोधन केंद्रात १९२१ च्या संकरातून निघाली आणि कोइमतूरला तिच्यापासून ४१९ तयार झाला. संकर करणारे जेस्वीट नावाचे शास्त्रज्ञ पुढं वाखेनिंगेनलाच प्राध्यापक झाले. हॉलंड, जावा आणि आपण अशा तिघांचं नातं आपल्या शिवारात आधीच लागलेलं होतं. या तिघी पोरींना ते त्या दिवशी कळलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. सगळ्यांनी हात हलवून झाल्यावर ती डच मुलगी फोनजवळ आली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "खेफेलिसिटेर्ट!" मला वाटलं, काहीतरी विचारते आहे. मुलगी म्हणाली, "पप्पा, ती तुमचं अभिनंदन करतीय. इथं वाढदिवसाला आई-बापाचंही करतात. 'मुलीबद्दल अभिनंदन' असं म्हणतात." मग गोलातला एकेक जण फोनपुढं येऊन मला तेच म्हणू लागला.

हिचा जन्म २००० सालचा. तेव्हा मी कृषी पदविका घेऊन नुकताच ॲग्री ओव्हरसियर म्हणून लागलो होतो. हंगाम चालू होता, निरोप मला फडात मिळाला. पेढे घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "मुलगी ना? मग बर्फी न्या." ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं पाठीवर हात ठेवला. "असू दे. पहिली बेटी, धनाची पेटी." माणूस मायेचा होता. पण ते सांत्वन होतं, अभिनंदन नव्हतं. त्या दिवशी अभिनंदन असा शब्द मला कोणी म्हटल्याचं आठवत नाही. मीही कोणाकडून अपेक्षिला नव्हता, हे जास्त खरं.

बावीस वर्षांनी तो शब्द मिळाला, तो उसाच्या गाड्यांच्या रांगेत, अनोळखी पोरापोरींकडून. मला बोलता येईना. शेवटी विचारलं, "तिकडं थंडी किती आहे?" मुलीनं ते भाषांतर केलं आणि सगळे हसले.

परत यायचं बोलणं त्यानंतर निघालं नाही. पुढच्या आठवड्यापासून त्या घरात बुधवारी सहाही जण एकत्र जेवू लागले. पाळी लावून एकेकानं रांधायचं. २०२४ साली पदवी घेऊन ती परत आली. आता नोकरी करते आणि कर्जाचा हप्ता तिच्या पगारातून जातो.

तेव्हा करमतं का, या प्रश्नाला माझं उत्तर असं. करमतं, पण आपोआप नाही. पोराला पाठवताना लोणचं द्या, पैसे द्या, पण "लाजू नको, आपण होऊन चार जणांना बोलाव" एवढंही सांगा. आपल्याकडं न सांगता माणसं जमतात, म्हणून बोलवायची सवय आपल्या पोरांना नसते. आणि आपण आई-बापांनी फोनवरचा प्रश्न बदलावा. मी तो बदलला आहे. "जेवलीस का?" याला एका शब्दात उत्तर मिळतं आणि त्यातून काही कळत नाही. "कुणाबरोबर जेवलीस?" असं विचारावं. उत्तर यायला उशीर लागला तर समजावं, पोर एकटं आहे.

मुलीनं येताना तसलं एक कॅलेंडर आणलं. संडासात लावायला सौ. तयार झाल्या नाहीत, म्हणून ते आमच्या गट ऑफिसात आहे. त्यात आता चिटबॉयपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या लेकराबाळांची नावं आहेत. गेल्या महिन्यात एक सभासद नात झाली म्हणून बर्फी घेऊन आले. मी त्यांचं अभिनंदन केलं, सोबत आलेल्या मुलाचं केलं, घरी आजीलाही सांगायला सांगितलं. आजोबा जरा बावरले. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "साहेब, तारीख लिहून घ्या तिची."

पुढील अंकात खोडवा व्यवस्थापनावर लिहीन.

— ऊस विकास अधिकारी