घरचा संगणक नवा खेळ पेलील काय?

नवें पुस्तक विकत घेणाऱ्या गृहस्थास तें घरच्या कपाटांत मावेल कीं नाहीं, एवढीच काय ती विवंचना असते. संगणकावरील खेळ घेणाऱ्याची स्थिति तशी नाहीं. दोघांनीं एकच किंमत मोजून एकच खेळ आणला, तरी एकाच्या घरीं तो सुरळीत चालतो आणि दुसऱ्याच्या घरीं पावलोपावलीं अडखळतो. कारण खेळाचा निम्मा भाग विक्रेत्याकडून येतो आणि उरलेला निम्मा घरच्या यंत्रानें पुरवावयाचा असतो. किंमत मात्र पूर्ण द्यावी लागते. २०२५ च्या फेब्रुवारींत ‘सिव्हिलायझेशन’ या मालिकेंतील सातवा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हां अमेरिकेंत त्याच्या साध्या आवृत्तीची किंमत सुमारें ७० डॉलर होती. वाढदिवसाची भेट म्हणून घेतलेला असा खेळ आठवड्याभरांतच रुसून बसला, म्हणजे मुलाचा विरस होतो आणि वडिलांस पैसे पाण्यांत गेल्याची चुटपुट लागते. हा प्रसंग बहुधा टाळतां येण्यासारखा असतो. त्यासाठीं खरेदीपूर्वीं थोडी चौकशी आणि खरेदीनंतर थोडी परीक्षा, इतकेंच करावें लागतें.

‘सिव्हिलायझेशन’चा पहिला खेळ सिड मायर व ब्रूस शेली यांनीं १९९१ मध्यें रचला. एका लहानशा वस्तीपासून आरंभ करून हजारों वर्षांच्या ओघांत राष्ट्र उभें करावयाचें, शेजाऱ्यांशीं सख्य किंवा वैर करावयाचें, आणि हें सारें बुद्धिबळाप्रमाणें पाळीपाळीनें खेळावयाचें, अशी त्याची रचना आहे. बुद्धिबळांत समोर एकच प्रतिस्पर्धी असतो. येथें पांच-सात किंवा त्याहूनही अधिक असूं शकतात, आणि खेळाडूनें आपली खेळी संपविली कीं त्या सर्वांच्या वतीनें विचार करण्याचें काम संगणकावर येऊन पडतें. कोणत्या सैन्यानें कोठें जावें, वाटेंत डोंगर आहे कीं नदी, कोणत्या नगरांत काय बांधावें, तह करावा कीं मोडावा, हे सर्व हिशेब दरखेपेस नव्यानें करावे लागतात. मोटारींच्या शर्यतीच्या खेळांत यंत्राचा बहुतेक घाम चित्रें रंगविण्यांत जातो. डावपेचांच्या खेळांत तो या हिशेबांत जातो. असें असूनही नवा खेळ घेणारे लोक ग्राफिक्स कार्डाचीच तेवढी विचारपूस करतात, आणि फसगतीचें मूळ बहुधा येथेंच असतें.

खेळ विकतांना प्रकाशक दोन याद्या देतात: एक किमान सामग्रीची व दुसरी शिफारस केलेल्या सामग्रीची. ‘सिव्हिलायझेशन’च्या सातव्या खेळाच्या किमान यादींत इंटेलचा कोअर आय३-१०१०० किंवा एएमडीचा रायझन ३ १२०० हा प्रोसेसर, ८ गिगाबाइट रॅम, एनव्हिडियाचें जीटीएक्स १०५० कार्ड आणि २० गिगाबाइट मोकळी जागा सांगितली होती. शिफारशीच्या यादींत कोअर आय५-१०४००, १६ गिगाबाइट रॅम व आरटीएक्स २०६० कार्ड होतें. ‘किमान’ या शब्दाचा अर्थ ‘खेळ उघडतो व चालतो’ इतकाच घ्यावा. सुखानें खेळतां येण्याची हमी त्यांत नसते. जीटीएक्स १०५० हें २०१६ मधील एक साधें कार्ड होय. तेवढ्यावरही भागतें, यावरून चित्रांचा भार बेताचाच आहे हें उघड होतें. दुसऱ्या यादींत रॅम मात्र दुप्पट झाली आहे, हें चाणाक्ष वाचकाच्या नजरेंतून सुटूं नये.

आपल्या घरीं कोणती सामग्री आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. विंडोजच्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यांतील ‘परफॉर्मन्स’ या भागांत प्रोसेसर, रॅम व ग्राफिक्स कार्ड यांचीं नांवें व आंकडे मिळतात. तथापि नांवावर सर्वस्वीं विसंबूं नये. आरटीएक्स ३०६० हेंच नांव टेबलावरील संगणकाच्या कार्डासही आहे आणि लॅपटॉपमधील कार्डासही आहे. परंतु पहिलें १७० वॅट वीज घेतें, तर दुसऱ्यास लॅपटॉपचा निर्माता ६० पासून ११५ वॅटपर्यंत आपल्या सोयीनें कितीही देऊं शकतो. खुराक निम्मा केलेल्या बैलाकडून तेवढीच नांगरट कशी व्हावी? ज्या लॅपटॉपांत वेगळें कार्डच नसतें, त्यांत प्रोसेसरमध्यें सामावलेला चित्रकार साध्या रॅमचाच वाटेकरी होतो. अशा यंत्रांत रॅमची एकच पट्टी असेल तर मोठें नुकसान होतें. डीडीआर४-३२०० या जातीची एक पट्टी सेकंदास २५.६ गिगाबाइट माहिती पुरविते. दोन पट्ट्या असल्या तर ५१.२ गिगाबाइटपर्यंत पुरवठा होतो. आठ गिगाबाइटची एक पट्टी व चार गिगाबाइटच्या दोन पट्ट्या यांची बेरीज कागदावर एकच दिसते, पण खेळांत त्यांतील भेद स्पष्ट जाणवतो.

आतां ‘चांगलें चालणें’ म्हणजे नेमकें काय, हें पाहिलें पाहिजे. बोलपटांत सेकंदाला २४ चित्रें पडद्यावर उमटतात. खेळांत ही संख्या ६० असली म्हणजे हालचाल अगदीं गुळगुळीत भासते. ३० असली तरी पाळीपाळीनें खेळावयाच्या खेळास ती पुरते. मात्र सरासरीचा आंकडा मोठा लबाड असतो. एका सेकंदांतील ५९ चित्रें पहिल्या अर्ध्या सेकंदांत झरझर उमटलीं आणि साठाव्यानें उरलेला अर्धा सेकंद घेतला, तर सरासरी ६० च भरते. डोळ्यास मात्र मधला झटका खुपल्यावांचून राहत नाहीं. म्हणून जाणकार लोक सरासरीबरोबरच सर्वांत मंद चित्रांचा आंकडाही पाहतात.

डावपेचांच्या खेळांत याहून महत्त्वाचें माप दुसरेंच आहे. खेळी संपविल्यापासून पुन्हां आपली पाळी येईपर्यंत किती वेळ वाट पाहावी लागते, तें हें माप होय. आरंभीं नकाशावर चार-दोन वस्त्या असतात आणि दोन-तीन सेकंदांत पाळी परत येते. दीडशें पाळ्यांनंतर शेकडों सैन्यें व डझनावारी नगरें झालीं, म्हणजे तोच अवधि अनेक पटींनीं वाढूं शकतो. दर पाळीस ३० सेकंद थांबावें लागलें, तर २०० पाळ्यांत १ तास ४० मिनिटें नुसतें पडद्याकडे पाहण्यांत जातात. तोच अवधि १० सेकंदांचा असेल तर अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ जातो. खेळ अर्ध्यावर सोडून देण्याचें हें एक मोठें कारण होऊन बसतें, आणि उत्तम ग्राफिक्स कार्डही त्यावर कांहीं करूं शकत नाहीं.

येथें एक सहज शंका येते. हल्लींच्या प्रोसेसरांत सहा-आठ गाभे असतात. मग काम वांटून कां घेतलें जात नाहीं? लग्नघरीं पोळ्या लाटावयास दहाजणी बसल्या, तरी कणीक मळून झाल्यावांचून त्यांच्या हातांस काम नसतें. खेळांतही एका राजाची चाल ठरल्याखेरीज दुसऱ्याची ठरवितां येत नाहीं, असे अनेक प्रसंग येतात. जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६७ मध्यें हा मुद्दा मांडला, व त्यावरून निघालेला नियम त्याच्याच नांवानें ओळखला जातो. समजा, एकूण कामापैकीं ६० टक्के वांटून घेण्यासारखें आहे व ४० टक्के एकामागून एकच करावें लागतें. एका गाभ्यास त्यासाठीं १० सेकंद लागत असतील, तर आठ गाभ्यांस ४ सेकंद अधिक ६ चा आठवा हिस्सा, म्हणजे पावणेपांच सेकंद लागतील. गाभे शंभर केले तरी चार सेकंदांच्या खालीं जातां येणार नाहीं. म्हणून अशा खेळासाठीं प्रोसेसर निवडतांना गाभ्यांच्या संख्येपेक्षां एकेका गाभ्याचा वेग अधिक मोलाचा ठरतो.

याच कारणानें टास्क मॅनेजरचा एकूण आंकडा पाहणारा फसतो. आठ गाभ्यांपैकीं एक पूर्णपणें गुंतला असेल व बाकीचे रिकामे असतील, तर एकूण वापर अवघा साडेबारा टक्के दाखविला जातो. प्रोसेसर निवांत आहे असें समजून गृहस्थ नवें कार्ड घेण्यास धांवतो, आणि खेळ होता तसाच राहतो. अडचण कोठें आहे हें ओळखण्याची एक सोपी युक्ति आहे. पडद्यावरील चित्राचे बिंदू कमी करून पाहावे. १९२० गुणिले १०८० या मापांत २०,७३,६०० बिंदू असतात. ३८४० गुणिले २१६० या मापांत बरोबर चौपट, म्हणजे ८२,९४,४००. माप लहान करतांच हालचाल सुधारली, तर भार कार्डावर होता. कांहींच फरक पडला नाहीं, तर बहुतेक वेळां दोष प्रोसेसरकडे जातो.

रॅमची गोष्ट थोडक्यांत सांगतां येते. ती पुरेनाशी झाली कीं संगणक उरलेली माहिती डिस्कवर ठेवूं लागतो, आणि जुन्या फिरत्या डिस्कवर ती शोधण्यास इतका वेळ जातो कीं सारा खेळ थबकतो. एसएसडीवर ही शिक्षा पुष्कळ सौम्य होते. ब्राउझरमध्यें वीस पानें उघडीं ठेवून खेळ खेळणाऱ्यानें मात्र खेळास दोष देऊं नये.

उष्णता हा भारतांतील घरांत विशेष लक्षांत घेण्याचा विषय आहे. प्रोसेसर फार तापला कीं स्वतःस जपण्यासाठीं आपला वेग आपणच कमी करतो. त्यामुळें दहा मिनिटांच्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेला लॅपटॉप पाऊण तासानें धापा टाकूं लागतो. नागपुरास मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. अशा वेळीं गादीवर ठेवून, खालील झरोके बुजवून केलेली परीक्षा व जानेवारींतील टेबलावरची परीक्षा यांचे निकाल एक यावयाचे नाहींत. वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारें यंत्रही बहुधा मंद होतें. परीक्षा वीज जोडूनच करावी.

आतां परीक्षेचा मुख्य भाग. स्टीम या विक्रीव्यवस्थेनें २०१५ च्या जूनपासून असा नियम ठेवला आहे कीं, खरेदीपासून १४ दिवसांच्या आंत आणि एकूण दोन तासांहून कमी खेळून झालें असल्यास पैसे परत मागतां येतात. नियम उदार आहे, परंतु डावपेचांच्या खेळास तो अपुरा पडतो. कारण मंदपणा दिसूं लागतो तो आठव्या-दहाव्या तासास, आणि मुदत संपते दुसऱ्यास. शिवाय खेळ उघडा ठेवून जेवावयास गेलें तरी घड्याळ चालूच असतें. म्हणून हे दोन तास साम्राज्य वाढविण्यांत घालवूं नयेत. प्रथम खेळांत अंगभूत परीक्षा आहे काय हें पाहावें. ‘सिव्हिलायझेशन’च्या सहाव्या खेळांत अशा दोन परीक्षा दिलेल्या आहेत: एक चित्रांची व दुसरी प्रतिस्पर्ध्यांच्या विचारांची. दुसरी परीक्षा पाळीस सरासरी किती सेकंद लागले हें सांगते, आणि घेणाऱ्यानें तिचाच निकाल वहींत टिपून ठेवावा. अशी सोय नसेल तर सर्वांत मोठा नकाशा व अधिकांत अधिक प्रतिस्पर्धी निवडून, खेळांत विशेष लक्ष न घालतां पाळ्या भराभर पुढें ढकलाव्या. एकादा स्नेही तोच खेळ खेळत असेल, तर त्याच्याकडून शेवटच्या टप्प्यांतील साठविलेला डाव मागून घेणें सर्वांत उत्तम. तो डाव उघडून पांच पाळ्या घड्याळ लावून मोजल्या, म्हणजे पुढें काय वाढून ठेवलें आहे तें त्याच संध्याकाळीं समजतें.

सर्वांनीं एकाच वेळीं, पाळीवांचून खेळावयाच्या खेळांत आणखी एक नाजुक बाब असते. १९९७ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाचे तंत्रज्ञ मार्क टेरानो व पॉल बेटनर यांनीं २००१ मध्यें त्याची अंतर्रचना प्रसिद्ध केली. त्यांत प्रत्येकाचें यंत्र संपूर्ण युद्धाचा हिशेब स्वतःच करतें व एकमेकांकडे केवळ आज्ञा पाठविल्या जातात. सर्व हिशेब जुळले पाहिजेत म्हणून खेळाची गति सर्वांत मंद यंत्राच्या गतीवर येते. एकाच्या जुन्या लॅपटॉपापायीं सातजण खोळंबतात, आणि मैत्रींत वितुष्ट येण्यास एवढें पुरतें. २०१९ मध्यें या मालिकेंतील दुसऱ्या खेळाची सुधारलेली आवृत्ति निघाली, तेव्हां क्रमवारीच्या सामन्यांत उतरण्यापूर्वीं यंत्रानें परीक्षा देऊन १००० गुण मिळविलेच पाहिजेत, अशी अट घालण्यांत आली. अट कडक वाटली तरी न्याय्यच होती.

परीक्षेंत यंत्र उणें ठरलें, तरी खेळ टाकूनच द्यावा असें नाहीं. भार कार्डावर असेल तर सावल्या, पाण्याचे तरंग व बिंदूंची संख्या कमी करावी. खेळाच्या रसांत त्यानें फारसें उणें येत नाहीं. भार प्रोसेसरवर असेल तर लहान नकाशा व चार प्रतिस्पर्धी घ्यावे. टेबलावरील संगणकांत कार्ड, रॅम व कित्येकदां प्रोसेसरही बदलतां येतो. लॅपटॉपचा प्रोसेसर बहुधा कायमचा डकविलेला असतो. रॅमची दुसरी पट्टी बसविण्यास जागा कधीं असते, कधीं नसते, आणि तें पाहण्यासाठीं पाठीचें झांकण एकदां उघडवून घ्यावें लागतें.