परदेशातील हंगामी नोकरी : परवाना कोण मिळवतो?

हंगामासाठी गाव सोडणे महाराष्ट्राला नवे नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे मुकादमाकडून ‘उचल’ घेऊन साखर कारखान्यांच्या परिसराकडे निघतात आणि गाळप संपल्यावर परततात. हंगामी स्थलांतराची हीच वाट आता अनेक तरुणांना परदेशाकडे खुणावू लागली आहे. फळतोडणी, भाजीपाल्याची शेती, पर्यटनस्थळांवरील हॉटेले अशा कामांसाठी युरोपातील देश दरवर्षी ठरावीक काळापुरते परदेशी मनुष्यबळ घेतात. या संधीबरोबर एक मोठा गैरसमजही पसरला आहे. परवाना ही पैसे मोजून विकत घेण्याची वस्तू आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात परवान्याचा प्रवास कामगारापासून नव्हे, तर नोकरी देणाऱ्या मालकापासून सुरू होतो. भारतीय कामगार मोठ्या संख्येने जेथे जातात त्या इटलीच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

मालकाचा अर्ज, मालकाची जबाबदारी

इटलीचे सरकार ‘देक्रेतो फ्लुस्सी’ नावाच्या आदेशाद्वारे परदेशी कामगारांची कमाल संख्या निश्चित करते. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांसाठी ही मर्यादा सुमारे ४ लाख ५२ हजार, तर २०२६ ते २०२८ या काळासाठी सुमारे ४ लाख ९७ हजार ठरविण्यात आली. तिचा मोठा भाग शेती व पर्यटन या क्षेत्रांतील हंगामी कामांसाठी असतो. भारत आणि इटली यांच्यात २ नोव्हेंबर २०२३ रोजी स्थलांतर व गतिशीलताविषयक करारही झाला आहे.

ठरलेल्या दिवशी अर्जांसाठी संगणकीय प्रणाली खुली होते. या दिवसाला तेथे ‘क्लिक डे’ म्हणतात. अर्ज करणारा असतो तो इटलीतील मालक. काम कोणते, वेतन किती, कामाचा काळ किती आणि कामगाराच्या निवासाची सोय काय, हे सर्व त्याला नमूद करावे लागते. स्थानिक प्रीफेक्चरमधील स्थलांतरविषयक ‘एक खिडकी’ कार्यालय या अर्जाची छाननी करते आणि ‘नुल्ला ओस्ता’, म्हणजे ना-हरकत पत्र देते. त्या आधारे कामगार आपल्या देशातील इटलीच्या दूतावासाकडे किंवा वाणिज्य दूतावासाकडे व्हिसासाठी अर्ज करतो.

येथेच अनेकांची फसगत होते. ना-हरकत पत्र म्हणजे नोकरी नव्हे आणि व्हिसा म्हणजे वास्तव्याचा परवानाही नव्हे. इटलीत पोहोचल्यावर ठरावीक मुदतीत मालक आणि कामगार या दोघांनी वास्तव्य-करारावर स्वाक्षरी करावी लागते. त्यानंतरच वास्तव्य परवान्यासाठी अर्ज करता येतो. मालक पुढे आलाच नाही, अथवा तो केवळ कागदावरच अस्तित्वात असेल, तर खरा व्हिसा घेऊन गेलेला माणूसही काही महिन्यांतच बेकायदा रहिवासी ठरण्याची भीती असते. ही भीती काल्पनिक नाही. या व्यवस्थेतून देशात आलेल्यांपैकी फारच थोडे लोक प्रत्यक्ष करारापर्यंत पोहोचत असल्याकडे लक्ष वेधून, इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी यांनी जून २०२४ मध्ये संघटित गुन्हेगारीच्या शिरकावाबाबत राष्ट्रीय माफियाविरोधी अभियोक्त्यांकडे तक्रार केली होती.

उलटी उचल

ऊसतोडीच्या व्यवहारात मुकादम कामगाराला आगाऊ रक्कम देतो आणि कामगार कर्जात अडकतो. परदेशी हंगामाच्या गैरव्यवहारात कामगारच मध्यस्थाला आगाऊ रक्कम देतो, आणि तरीही कर्जात अडकतो तो कामगारच. समजा, एखाद्या तरुणाने मध्यस्थाला देण्यासाठी दरमहा शेकडा २ रुपये व्याजाने ६ लाख रुपये उभे केले. नऊ महिन्यांचे व्याज १ लाख ८ हजार रुपये होते. राहणे-जेवणे वजा जाता त्याने दरमहा ६० हजार रुपये शिल्लक टाकले, असे मानले तरी नऊ महिन्यांची बचत ५ लाख ४० हजार रुपयेच होते. हंगाम संपला, परतण्याची वेळ आली, तरी १ लाख ६८ हजार रुपयांचे देणे शिल्लकच राहते. इटलीत हंगामी परवाना बारा महिन्यांत जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा असतो. मुदत संपल्यावर देणे फेडण्यासाठी परवान्याविना तेथेच राहण्याचा मोह होतो, आणि शोषणाची सुरुवात बहुधा तेथूनच होते.

इटलीतही मुकादम असतो. त्याला ‘कापोराले’ म्हणतात. त्याच्यामार्फत चालणाऱ्या बेकायदा मजूरभरतीवर आणि कामगारांच्या शोषणावर २०१६ च्या १९९ क्रमांकाच्या कायद्याने कठोर शिक्षा ठेवली आहे. तरीही जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेकडील लातिना प्रांतात कराराविना राबणाऱ्या एका भारतीय शेतमजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला वैद्यकीय मदत न देता त्याच्या निवासाजवळ टाकून देण्यात आले, आणि दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. करार हा केवळ एक कागद नाही. संकटकाळी माणसामागे कोण उभे राहणार, हे त्यावरून ठरते.

वैध मार्गाचे लाभ

रीतसर मार्गाने गेलेल्या कामगाराला कायद्याचे संरक्षण मिळते. मालकाने निवास दिला असल्यास त्याचे भाडे वेतनाच्या एक-तृतीयांशाहून अधिक असू शकत नाही आणि ते वेतनातून परस्पर कापून घेता येत नाही. हंगाम संपल्यावर मुदतीत मायदेशी परतणाऱ्याला पुढील हंगामात प्राधान्य मिळू शकते. मागील पाच वर्षांत किमान एकदा हंगामी कामासाठी येऊन गेलेल्या कामगारासाठी तीन वर्षांपर्यंतच्या बहुवार्षिक परवान्याची तरतूदही आहे. म्हणजेच वेळेवर परतणे हीच पुढच्या संधीची गुरुकिल्ली ठरते.

निघण्यापूर्वी

भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या मध्यस्थाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणी बंधनकारक आहे. ही नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पडताळून पाहता येते. नोंदणीकृत मध्यस्थाला कामगाराकडून कमाल ३० हजार रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच सेवाशुल्क घेता येते, तेही पावती देऊन. उत्प्रवासन तपासणी आवश्यक असलेल्या देशांच्या यादीत मुख्यतः आखाती व काही आशियाई-आफ्रिकी देश आहेत, इटली नाही. त्यामुळे तेथे जाणाऱ्याचा करार निघण्यापूर्वी भारतातील अधिकाऱ्याकडून तपासला जात नाही. ही जबाबदारी कामगारावर आणि त्याच्या कुटुंबावरच येते. पुढील गोष्टींची खातरजमा करूनच पाऊल उचलावे :

१. मालकाचे नाव, पत्ता, वेतन आणि कामाचा काळ लेखी मिळाला आहे काय?
२. ना-हरकत पत्रावरील मालक आणि करारातील मालक एकच आहे काय?
३. रकमेची मागणी रोखीने किंवा तिऱ्हाइताच्या खात्यावर होत नाही ना?
४. मूळ पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात आहे काय?

खाते आणि कर

नोकरीसाठी परदेशी जाणारी व्यक्ती परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ नुसार अनिवासी ठरते, मग तो काळ एका हंगामाचा का असेना. त्यामुळे जाण्यापूर्वी शाखेला कळवून आपले बचत खाते अनिवासी सामान्य, म्हणजे एनआरओ खात्यात रूपांतरित करून घ्यावे. परदेशातील कमाई पाठविण्यासाठी एनआरई खाते उघडता येते. त्यातील व्याज अनिवासी असेपर्यंत करमुक्त असते आणि रक्कम पुन्हा परदेशी नेता येते. कायमचे परतल्यावर ही खाती निवासी करून घेणे आवश्यक आहे.

प्राप्तिकराचा नियम मात्र वेगळा आहे. तो मुख्यतः वास्तव्याचे दिवस मोजतो. एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिलेली व्यक्ती करासाठी निवासी समजली जाते. म्हणून जूनच्या प्रारंभी जाऊन ऑक्टोबरअखेर परतणारा कामगार बँकेच्या दृष्टीने काही काळ अनिवासी असला, तरी करासाठी निवासीच राहतो आणि त्याला परदेशातील उत्पन्नही विवरणपत्रात दाखवावे लागते. भारत-इटली दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारामुळे तेथे भरलेल्या कराचा लाभ येथे मिळू शकतो. त्यासाठी वेतनचिठ्ठ्या व करभरणा प्रमाणपत्र जपून ठेवावे.

परदेशातील एक हंगाम कुटुंबाचे घर सावरू शकतो, तसाच तो वडिलोपार्जित जमीन गहाणही टाकायला लावू शकतो. एजंटच्या हाती रक्कम ठेवण्यापूर्वी ‘माझा मालक कोण?’ हा एक प्रश्न विचारावा. समाधानकारक लेखी उत्तर मिळाले नाही, तर तो हंगाम सोडून देण्यातच शहाणपण आहे.