पंगसच्या खाद्यातले मासळीचे तेल कमी कसे कराल?



पंगसपालनात मोठा खर्च खाद्याचा, आणि खाद्यात महाग ते मासळीचे तेल. पण स्वस्त पडते म्हणून कत्तलखान्याची चरबी-आतडी, मग तो देवनारचा असो की गावचा, तळ्यात टाकू नका. पाणी नासते, त्यातला प्राणवायू घटतो आणि मासे दगावतात.

त्यापेक्षा घातलेले तेल नीट पचेल असे पाहा. तेल पाण्यात विरघळत नाही; पाचक रस मोठ्या थेंबाला वरवरच लागतो. सोयाबीन तेल शुद्ध करताना निघणारे लेसिथिन थेंबाचे बारीक कण करते. मग पचन सोपे होते.

असे करून पाहा:

१. एका तळ्यात मासळीच्या तेलाचा चौथा हिस्सा कमी करून तेवढे सोयाबीन तेल घाला. दुसरे तळे नेहमीच्या खाद्यावर ठेवा.

२. लेसिथिन पिशवीवरच्या मापानेच घ्या. आधी तेलात कालवा, मग खाद्यात मिसळा.

३. खवट तेल वापरू नका.

४. दर पंधरवड्याला थोडे मासे धरून वजन करा. वाढ मागे पडली तर तेल पूर्ववत करा.

अधिक माहिती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत विचारा.