इतवारीच्या अंगणात कोकण

मैत्रिणींनो, माहेर कोकणातलं आणि सासर नागपूरच्या इतवारीत, अशा कितीतरी जणी आपल्यात आहेत. मे महिन्यात माहेराहून परतताना आंब्यांच्या जोडीला केळीचा एखादा मुनवा, पोफळीचं रोप, हळदीचे चार गड्डे पिशवीतून येतातच. पावसाळाभर रोपं तरारतात, शेजारणी कौतुक करतात, आणि पौषातल्या एका सकाळी पाहावं तर सगळ्यांनी माना टाकलेल्या! मग ‘इथलं पाणीच वाईट’ म्हणून आपण नाद सोडून देतो.

पाण्याला बोल लावण्याआधी हवा समजून घ्या. २०१८ साली २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. दरवर्षी एवढा कडाका नसतो, पण दहा अंशांखालच्या रात्री येतातच. अशा वेळी केळीची वाढ थांबते, मुळं पाणी ओढेनाशी होतात, आणि आपण मात्र सवयीनं संध्याकाळी बादली ओतत राहतो. आपली काळी माती ते पाणी धरून ठेवते. गारठ्यानं झाड दुखावतं हे खरं, पण जीव जातो तो बहुतेक वेळा त्या गार चिखलात मुळं कुजून.

तेव्हा कुंडी भरताना काळ्या मातीत तेवढीच वाळू आणि तेवढंच कुजलेलं शेणखत मिसळा. दिवाळी झाली की खत बंद. पाणी सकाळी ऊन वर आल्यावर, तेही मातीत बोट खुपसून कोरडं लागलं तरच!

इतवारीतल्या दाटीवाटीचा इथे फायदाच होतो. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते, म्हणून हिवाळ्यात कुंड्या दुपारचं ऊन खाणाऱ्या भिंतीशी सरकवा. उघड्या गच्चीपेक्षा अंगण केव्हाही बरं. फारच थंडी पडली तर किराणा ओळीतून रिकामं बारदान आणून रात्री पांघरा आणि सकाळी आठवणीनं काढा. प्लॅस्टिक नको, आत दव धरतं. करपलेली पानंही लगेच कापू नका, आतल्या कोंबाची ती गोधडीच असते. होळीच्या सुमाराला काढली तरी चालतील. (कुंड्या हलवायला घरातल्या पुरुषमंडळींना हाक मारावी. तेवढाच त्यांना व्यायाम!)

हे पांघरूण घालणं काही आपलंच वेड नाही, बरं का. इंग्लंडमध्ये हौशी लोक बर्फ पडणाऱ्या अंगणात जपानी केळ लावतात आणि हिवाळ्यात तिच्या बुंध्याला गवताच्या पेंढ्या गुंडाळतात. पानं गेली तरी वसंतात बुडातून पुन्हा कोंब येतो.

पण खरा धडा घ्यायचा तो आपल्या रामटेककडचा. नागवेल म्हणजे दमट हवेची लाडकी लेक. तरीही तिकडच्या बारई मंडळींनी पिढ्यानपिढ्या या कोरड्या मुलखात तिचे मळे राखले. पूर्वीइतके मळे आता उरले नाहीत, पण त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. वेल चढवायचा तो शेवरी, हादगा, पांगारा अशा जित्या झाडांवर, म्हणजे आधार आणि सावली एकदमच मिळते. चारही बाजूंनी कूड घालून वारा अडवायचा, आणि पाणी थोडं थोडं, पण वरचेवर. कडाक्याची थंडी आणि मेमधली लू, दोन्ही त्या कुडाबाहेर राहतात.

अंगणात आपण हेच लहान प्रमाणात करायचं. उन्हाळ्यात कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, मध्ये ओल्या विटा, वर हिरवी जाळी, पश्चिमेला वाळ्याचा जुना पडदा. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र झाडांना नको. सारखं आटून त्यात क्षार साठलेले असतात आणि पानांच्या कडा जळतात.

झाडं कोणती? पोफळीचा हट्ट सोडा, तिला ही कोरडी हवा सोसत नाही. नारळ जगतो, पण कोकणातल्यासारखा लगडत नाही. हिरवी दाटी हवी असेल तर रुंद पानांवर भर द्या. मागे केळ, पुढे कर्दळ, मोरीच्या पाण्याच्या वाटेवर अळू (साबणाचं पाणी तेवढं वेगळं काढा), आणि भिंतीवर नागवेल. थंडीत अळू बसलं तरी कांदे उपटू नका, ऊन तापलं की फुटतं. बकुळीला जागा असेल तर ती नि:शंक लावा.

आणि हळद तर हवीच. अक्षय्य तृतीयेनंतर जुन्या तेलाच्या डब्याला भोकं पाडून दोन-तीन गड्डे लावा. नागपंचमीच्या पातोळ्यांना घरची पानं मिळतात. पौषात पानं पिवळी पडून वाळली की रोप मेलं म्हणून डबा फेकून देऊ नका! हळदीचा तो नेमच आहे. पाणी तोडा, आठ-पंधरा दिवस थांबा आणि माती उकरा. संक्रांतीच्या आसपास लोणच्यापुरती ओली हळद हाती येते. त्यातले दोन टपोरे गड्डे पुढच्या वर्षासाठी कोरड्या वाळूत ठेवून द्या.