मालिकेतील रोगी आणि मारबुर्गचा रोगी

दूरचित्रवाणीवरील मालिका पाहत बसलात की घरची मंडळी रागावतात, होय ना? पण अशाच एका मालिकेने खऱ्याखुऱ्या रोग्याच्या आजाराचा धागा डॉक्टरांच्या हाती दिला, त्याची ही हकीकत आहे.

मे २०१२ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात ५५ वर्षांचे एक गृहस्थ आले. त्यांचे हृदय फारच दुर्बल झाले होते. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांत अडथळा असला की असे होते. पण त्यांच्या धमन्यांत तो दोष नव्हता. शिवाय अंगात ताप होता, गळ्यातील अवटु ग्रंथीचे काम मंदावले होते, अन्ननलिकेला सूज होती आणि काही महिन्यांपासून ऐकू येणे व दिसणेही कमी होत चालले होते. हृदय, कान, डोळे, ग्रंथी. इतकी निरनिराळी इंद्रिये एकदम का बिघडावीत?

तेथील डॉ. युर्गेन शेफर हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दुर्मीळ रोग शिकविताना 'हाउस' या अमेरिकन मालिकेचा आधार घेत. तिच्या २०११ मधील एका भागात अशीच लक्षणे असलेली एक वृद्ध स्त्री दाखविली होती. तिच्या दुखण्याचे मूळ निघाले खुब्यात बसविलेल्या कृत्रिम सांध्यात! मारबुर्गच्या रोग्याचाही खुब्याचा सांधा कृत्रिमच होता.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोबणीत फिरतो. या रोग्याचा आधीचा कृत्रिम सांधा सिरॅमिकचा, म्हणजे चिनी मातीच्या जातीच्या कठीण पदार्थाचा होता. तो फुटला, म्हणून २०१० मध्ये त्याच्या जागी धातूचा माथा बसविण्यात आला. या धातूत कोबाल्ट होते. जुन्या सांध्याचे बारीक तुकडे मात्र आतच राहिले. सिरॅमिक धातूहून कठीण असते. त्यामुळे प्रत्येक पावलागणिक ते तुकडे धातूला कानशीसारखे घासू लागले. धातूचा कीस निघाला आणि त्यातील कोबाल्ट रक्तात उतरून सर्व शरीरभर पसरले.

कोबाल्ट हे तसे आपले शत्रू नव्हे. ब-१२ जीवनसत्त्वाच्या प्रत्येक रेणूत त्याचा एक अणू असतोच. पण त्याचे प्रमाण फार वाढले की पेशींतील ऊर्जानिर्मितीत बिघाड होतो. अहोरात्र राबणाऱ्या हृदयाच्या स्नायूला त्याची झळ विशेष लागते. याचा पुरावा पूर्वीच मिळाला होता. १९६५-६६ च्या सुमारास कॅनडातील क्वेबेक शहरात भरपूर बिअर पिणाऱ्या अनेकांची हृदये एकाएकी निकामी होऊ लागली. त्यांतील वीस जण दगावले. बिअरचा फेस टिकावा म्हणून तीत कोबाल्टचे क्षार मिसळले जात होते!

डॉ. शेफर यांना शंका आली, पण शंका म्हणजे निदान नव्हे. त्यांनी रोग्याच्या रक्ताची तपासणी करविली. कोबाल्टचे प्रमाण नेहमीच्या कितीतरी पट निघाले. क्ष-किरण चित्रात खुब्याभोवती धातूचा कीसही दिसला. मग शस्त्रक्रियेने तो सांधा काढून सिरॅमिकचा नवा सांधा बसविला. रक्तातील कोबाल्ट उतरू लागले, ताप गेला, हृदयाची शक्ती बरीच सुधारली. कान आणि डोळे मात्र थोडेच सुधारले. विषाने केलेले सारेच नुकसान भरून येत नाही. २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत प्रसिद्ध झाली.

मालिकेतील कोडे पाऊण तासात सुटते. मारबुर्गच्या रोग्याला मात्र नेमके कारण कळेपर्यंत कित्येक महिने सोसावे लागले, आणि त्या दिरंगाईची किंमत त्याच्या कानाडोळ्यांनी मोजली. मालिकेने डॉक्टरांना फक्त एक प्रश्न सुचविला; उत्तर रक्ताच्या नमुन्याने दिले. तेव्हा मालिका जरूर पाहा. पण तीत दिसलेला रोग आपल्यालाच झाला आहे, असे घरबसल्या ठरवू नका. आणि डॉक्टरांकडे गेलात तर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, मग ती कितीही जुनी असो, सांगायला विसरू नका. हृदयाच्या दुखण्याचे मूळ कधीकधी खुब्यातही सापडते!