फायटरच्या पिलांचा पहिला घास

मैत्रिणींनो, मुलांच्या हट्टापायी फायटर माशांची जोडी घरी आली, नराने पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधले आणि मादीने अंडी घातली, की आपली खरी परीक्षा सुरू होते. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात. लगेच काही घालू नका. पहिले दोन-तीन दिवस पिले पोटाशी असलेल्या बलकावरच जगतात. ती आडवी पोहू लागली, की भूक लागली समजावे. तेव्हाच नराला वेगळे काढा, नाहीतर बापच पिले मटकावतो!

मला कुणीसे सांगितले, उकडलेल्या अंड्याचा बलक घाला. मी हौसेने चांगला चिमूटभर घातला. रात्रीत पाणी नासले, सकाळी एकही पिलू उरले नाही. लेकीला काय सांगायचे?

आता मी बरणीत टाकीतलेच जुने पाणी घेऊन कोबीचे पान घालते नि उजेडात ठेवते. पाणी गढुळते, वासही येतो (नाक मुरडू नका!), पण चार-पाच दिवसांत निवळू लागते. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. तेच पाणी थोडेथोडे, दिवसातून दोन-तीनदा घालायचे. मात्र बरणी भरायची ती जोडी एकत्र सोडतानाच. पिले झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.