पासातले पैसे जातात कुठे?

शेलूबाजारहून वाशीमला किंवा मंगरुळपीरला कॉलेजात जाणाऱ्यांना एसटीच्या मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत मिळते, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरायचा. उरलेले पैसे? चहा-समोसा आणि रिचार्ज! आजचा समोसा मेंदूला पाच वर्षांनंतरच्या हजार रुपयांहून मोठा वाटतो. त्यामुळे ‘उरले की बचतीत टाकू’ म्हणणाऱ्याचे काही उरत नाही. अर्थशास्त्राचे नोबेल (२०१७) मिळालेल्या रिचर्ड थेलर यांचा उपाय असा, की रोज मनाशी झगडू नये, बचतीची रक्कम आधीच ठरवून टाकावी. पोस्टाची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून उघडते. ६.७ टक्के दराने, तिमाही चक्रवाढीमुळे, पाच वर्षांत ६,००० रुपयांचे सुमारे ७,१३७ होतात. श्रीमंती नव्हे, पण स्पर्धा परीक्षांचे अर्ज तरी भरता येतील. पास काढाल त्याच दिवशी हप्ता भरा. चुकला तर शंभरामागे एक रुपया दंड लागतो.